टपावरची बाई

चौकात माझ्या बायकोचा फ्लेक्स लागला होता. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला, आणि खाली लाल अक्षरात ‘प्रेमळ, सोशिक, कुटुंबवत्सल’. फ्लेक्स पोरानं लावला होता. मी खाली उभा राहून तीनदा वाचला. सातवी नापास माणूस मी, वाचायला वेळ लागतो. पण वाचून झालं आणि डोकं फिरलं.

“म्हेशा, सोशिक कोण रे?”

“बाबा, असंच लिहितात की.”

“असंच म्हणजे? कुणाच्या बी खाली? तिनं काय सोसलं ते एक सांग मला.”

पोरगं रडायला लागलं. त्याची आई गेली होती, त्याच्याशी काय भांडायचं. पण फ्लेक्स चुकला होता तो चुकलाच होता. म्हणून लिहायला बसलोय. जन्मभर गाड्यांना रंग मारला आणि नंबरप्लेटा लिहिल्या, चार आकड्यांच्या वर लिहायची सवय नाही. तेव्हा वाकडंतिकडं होईल. होऊ दे.

तिचं नाव नीलव्वा. माहेर दुधनी. घरात कन्नड, बाजारात मराठी, अशात वाढलेली. मी मोहोळकडचा, मला कन्नड फक्त शिव्या खाण्यापुरती कळायला लागली, ती पण लग्नानंतर. तिनं जन्मात माझं नाव घेतलं नाही. हाक मारायची ती ‘री’, म्हणजे अहो. एवढंच. पण त्या एका ‘री’चे पाच-सहा प्रकार होते. जेवायला बोलावतानाचा वेगळा, आणि शेडमध्ये माझं काही चुकल्यावरचा वेगळा. चुकल्यावरचा ‘री’ रस्त्याच्या पलीकडं ऐकू जायचा.

होटगी रोडला आमचं पत्र्याचं शेड. मी गाड्या रंगवायचो. पूर्वी अँबॅसिडर गाड्यांच्या टपावर काळं रेक्झिन चिकटवायची फॅशन होती. खाली पांढरी गाडी आणि वर काळा टप, म्हणजे मालक मोठा. आता ती फॅशन गेली, पण जुन्या गाड्या पोरासारख्या जपणारे हौशी लोक आहेत, त्यांना टप तस्साच लागतो. आमच्या सगळ्या भागात तो टप शिवून, बसवून देणारं एकच माणूस होतं, ती माझी बायको. आणि गिऱ्हाईक चाळीस वर्षं काय म्हणायचं? ‘पेंटरनं टप झकास केला.’ कारण शेडवर बोर्ड माझ्या नावाचा. तो बोर्ड मीच रंगवलेला. ती भांडायची सगळ्यावरून, चहात साखर कमी का इथपासून. पण बोर्डावरून कधी भांडली नाही. नुसतं त्याच्याकडं बघून नजर काढून घ्यायची. तिला ते डाचतंय हे मला कळायचं. मी बोर्ड बदलला नाही. हे माझं चुकलं, ते पहिल्यांदाच लिहून टाकतो.

ती मशीनवर बसली ते असं. आमच्याकडं सीटा शिवणारा एक कारागीर होता, तो एके दिवशी न सांगता पुण्याला गेला. दोन गाड्या टप सोलून उघड्या पडलेल्या. मी डोक्याला हात लावून बसलो. नीलव्वा डबा घेऊन आली होती. तिनं रेक्झिनचा तुकडा उचलला, बोटात चोळला, वास घेतला आणि म्हणाली, “हे मला येतंय की.”

“हे काय परकराचं कापड हाय व्हय?”

“परकर शिवत न्हवते मी. माहेरी आप्पा बैलाच्या झुली शिवत हुते, ताडपत्र्या शिवत हुते. मीच शिवत हुते म्हना, आप्पा पैशे घेत हुते.”

आणि बसली. तेव्हापासून उठली नाही.

पहिल्या गाडीचा मालक टप बसवताना बघायला आला. नीलव्वानं इरकल लुगड्याचा काष्टा मारलेला, दोन डब्यांवर फळी टाकलेली, त्यावर उभी राहून ती टपावर ओणवी झालेली. मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, “पेंटर, बाईमाणूस चढवलं व्हय माझ्या गाडीवर?”

मी काही बोलायच्या आत वरून आवाज आला. “टपाला कळत न्हाय कोन चढलंय. तुमाला कळतंय तर तुमी तिकडं तोंड करून बसा.”

रोडवरची गॅरेजवाली मंडळी तिला ‘टपावरची बाई’ म्हणायला लागली. चिडवायला म्हणायची. तिला कळलं तेव्हा म्हणाली, “मग खालनं बघत बसलेले बाप्ये कोन?” नंतर तेच लोक आपल्या गिऱ्हाइकाला घेऊन तिच्याकडं यायचे.

तिच्या कामाच्या सवयी सांगतो. खडू कानावर, जशी सुताराची पेन्सिल. दाभण पदरात खोचलेलं, त्यामुळं पोरगं लहान असताना तिच्या डाव्या बाजूनं कधी बिलगलं नाही. शिवताना कन्नडमध्ये मोजायची, वंदु, यरडु, मूरु. मधेच कुणी बोललं की मोजणं थांबायचं, मशीन थांबायची आणि ती त्या माणसाकडं नुसती बघायची. त्याला चहा प्यायला जावंसं वाटायचं. मी बोललो तर म्हणायची, “सुम्न कुंदर्री.” म्हणजे गप बसा. आदरानं, पण गप बसा.

गाडी आली की आधी ती टप वाजवायची. बोटाच्या पेरानं, कान लावून, सगळीकडून. वर रेक्झिन, खाली पत्रा. मधे पाणी गेलं असेल तर पत्रा गंजतो आणि आवाज मेलेला येतो. मग एक कोपरा चिमटीत धरून दुमडायची. नुसता रंग उडालाय आणि रेक्झिन मऊ आहे, तर रंग मारायचा. दुमडल्यावर भेगेतून आतला धागा दिसला, तर बदलायचं. मधला रस्ता तिच्याकडं नव्हता. जुन्यावरच नवीन चिकटवा म्हणणारे लई यायचे. एका पुढाऱ्याची माणसं आली होती. संध्याकाळी साहेबांची मिरवणूक, तेवढ्यात वरून काळं करून द्या म्हणाली. नीलव्वानं टप वाजवला.

“खाली गंज हाय. सोलावं लागंल. चार दिवस.”

“बाई, गाडी कुणाची हाय म्हाईत हाय का?”

“व्हय की. साहेबांची.”

“मग?”

“मग साहेबांना पाठवा. चिकटवायचं सोल्यूशन वाळायला येळ लागतो, ते त्यांना समजावून सांगते. त्ये सभेत येवढं समजावतात, त्यांना कळंल.”

गाडी गेली. मी दोन दिवस धास्तीत, आता कोण येतंय शेड पाडायला. तिसऱ्या दिवशी गाडीच परत आली, चार दिवसांसाठी. नीलव्वा माझ्याकडं बघून काही म्हणाली नाही. तिला जिंकल्यावर बोलायची सवय नव्हती. हरल्यावर मात्र लई बोलायची, पण तशी वेळ कमी यायची.

आता माझी एक फजिती सांगतो, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांच्याच सांगतो असं नको. मार्केट यार्डातला एक अडत्या, कांद्याचा. त्याच्या गाडीचा टप पांढुरका पडला होता. रेक्झिन मऊ होतं, म्हणजे रंगाचं काम. नीलव्वा म्हणाली, सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुवायचं, रेक्झिनचा वेगळा रंग मिळतो तो पुण्याहून आणायचा, आणि पातळ हात मारायचे, एक वाळल्यावर दुसरा. ती मग दुधनीला गेली, भावाकडं लग्न होतं. अडत्या दुसऱ्या दिवशी येऊन बसला, घाई. मी म्हटलं, रंग म्हणजे रंग. मी पेंटर. मला काय रंग शिकवायचा? गाडीला मारतो तोच काळा रंग मारला, स्प्रे मशीननं, एका तासात. काय चकाकत होता! आरशासारखं तोंड दिसत होतं.

पंधरा दिवसांनी अडत्या आला. नीलव्वा मशीनवर होती. गाडी बघून ती उठली, सावकाश चालत गेली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. टपावर कांद्याची सालं चिकटली होती. लाल, पांढरी, सगळ्या यार्डाची. मधे कबुतराची दोन पिसं, आणि वजनाची एक चिठ्ठी, तिच्यावरचा आकडा अजून वाचता येत होता. तो रंग रेक्झिनवर वाळलाच नव्हता. उन्हात आणखी चिकट झालेला.

अडत्या म्हणाला, “अक्का, हे काय केलं तुमी?”

मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेईल, सगळ्या बायका घेतात. ती म्हणाली, “मी न्हाय केलं. ह्यांनी केलंय. आन सोलणार बी हेच.”

तीन दिवस मी तो टप सोलला. नख नख सोलला. ती शेजारी बसून नवीन टप शिवत होती आणि कन्नडमध्ये मोजत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “री.” वर बघितलं तर हातात चहा. हा जेवणाच्या वेळचा ‘री’ होता. विषय संपला. पण त्यानंतर मरेपर्यंत माझ्या हातातला डबा कोणताही असो, ती आधी वास घेऊन बघायची.

अशी ती. आता शेवटच्या टपाचं सांगतो, खरं त्याच्यासाठीच बसलोय. कारण त्या टपाबद्दल अजून कुणी कुणी मला म्हणतं, ‘पेंटर, त्या डॉक्टरच्या गाडीचा टप काय केलात तुम्ही!’

तिला हृदयाचं दुखणं लागलं. पंपिंग कमी म्हणाले. जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. म्हेशानं शेड भाड्यानं द्यायचं ठरवलं, माणूस पण बघून ठेवला. त्याच आठवड्यात दातांचा एक तरुण डॉक्टर आला. आजोबांच्या गाडीसारखीच जुनी अँबॅसिडर शोधून विकत घेतलेली, आणि आजोबांच्या गाडीचा फोटो मोबाईलमध्ये. टप काळा, वर दोन शिलाया पुढून मागे जाणाऱ्या.

“काका, असाच पाहिजे. होईल ना तुमच्याकडून?”

मी म्हणणार होतो, आता बंद केलंय. आतून आवाज आला, “व्हतंय.”

त्या दिवशी घरात लई भांडण झालं. म्हेशा म्हणाला, आई, तुझा जीव जाईल. ती म्हणाली, “जाईल की. पडून ऱ्हायले तर ऱ्हातोय व्हय?” म्हेशा माझ्याकडं वळला, बाबा तुम्ही सांगा. मी सांगितलं. तिनं ऐकलं नाही. आता तुम्हीच सांगा, ह्याला सोशिक म्हणतात?

सकाळी सहा ते नऊ, एवढाच तिचा दम. नऊनंतर ओठ निळे पडायचे. फोटोतल्यासारखं जाड, दाणेदार रेक्झिन आता मिळत नाही. माळ्यावर जुन्या ताग्यातलं तिनं जपून ठेवलेलं, मोजून दोन टपांपुरतं. तिनं खडूनं खुणा केल्या, मधला पट्टा आणि दोन बाजू कापल्या. उन्हात टाकून सुरकुत्या जाऊ दिल्या. मग शिवायला बसली.

रेक्झिन जड असतं. मशीनच्या पलीकडं लोंबायला लागलं की सुईला ओढतं. पूर्वी ती डाव्या हातानं तोलून धरायची. आता तो हात भारानं खाली यायचा. मला बघवेना. मी पलीकडून धरलं आणि, तिला कळू नये असं, थोडं थोडं ओढायला लागलो. म्हटलं, तेवढाच तिच्या हाताला आराम.

शिलाई झाली. तिनं टेबलावर पसरून बघितली. मधे एका जागी ओळ अर्ध्या बोटानं सरकलेली. मी म्हटलं, “कुणाला दिसतंय?”

ती शिलाईकडंच बघत होती. “ओढलंत तुमी.”

मी हात मागं घेतले.

“किती येळा ओढलंत?”

“तुझा हात दुखंल म्हणून...”

“हात माझा हाय. दुखू दे की त्याला.”

कापडाची शिलाई उसवता येते. रेक्झिनला सुईचं भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. म्हणजे तो टप गेला. माळ्यावर एकच उरला. मी सांगितलं, त्या ओळीवर पट्टी लावू, डॉक्टरला फोन करून सांगतो अशीच पद्धत असते. तिनं तो टप गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “री, मानसं सगळं तुमचं म्हनतात. म्हनू देत. पर हे वाकडं माझं म्हनून जाऊ देऊ नका.”

चाळीस वर्षांत एवढंच बोलली ती त्या विषयावर.

पाच दिवस अंथरुणात पडून राहिली. सहाव्या दिवशी सकाळी उठून मशीनवर. मला समोर उभं केलं. “नुसता भार धरा. ओढू नका, ढकलू नका. आन खाली बघू नका.” मी हातावर रेक्झिन तोलून, मान वर करून, पत्र्याकडं बघत उभा राहिलो. खाली ती मोजत होती. वंदु, यरडु. मोजणं बारीक होत गेलं. एकदा थांबलं. मशीन थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, फाटल्यासारखा. बघायचं नाही म्हणून मी बघितलं नाही. मानेत कळ आली. बऱ्याच वेळानं मशीन पुन्हा सुरू झाली. असं दोन सकाळी चाललं.

बसवायला आणखी तीन सकाळी. सोल्यूशन मी लावलं, तिनं वास घेतल्यावर. मधून कडेकडं दाबत जायचं काम तिनं केलं, टॉवेलच्या गुंडाळीनं, फळीवर उभी राहून. मी खाली तिच्या मागं दोन्ही हात पसरून उभा. “मी काय हंडी फोडतेय व्हय?” म्हणाली, “व्हा बाजूला.”

डॉक्टर गाडी न्यायला आला, बघून हरखला. पोरासारखा गाडीभोवती पळाला. मोबाईल काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागला. “मित्रांनो, हे बघा सोलापूरचे आपले पेंटरकाका. काकांच्या हाताची जादू बघा.”

मी म्हटलं, “डॉक्टर, हे हिनं केलंय.”

“हो का! काकू पण मदत करतात वाटतं. छान, छान.”

नीलव्वा फळीवर बसलेली होती, शेवटची कड पुसून. ती उठून उभी राहिली. मी पुढं झालो तर हातानं थांबवलं.

“डाक्टर, तुमी दात बघता न्हवं? बारीक कीड सुद्दा सापडती तुमाला?”

“हो काकू, तेच तर काम.”

“मग या हिकडं. ह्या शिलाईत एक जोड हाय. मधीच थांबून परत सुरू केलेली हाय. कुटं हाय ते दाखवा.”

डॉक्टर हसत आला. शिलाईवर नख फिरवत पुढून मागं गेला. मागून पुढं आला. दुसऱ्या शिलाईवर फिरवलं. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. हसू गेलं.

“नाही सापडत.”

“ह्यांना इचारा. ह्यांच्या हाताची जादू हाय न्हवं.”

मी पण बोट फिरवलं. नाही सापडलं. खोटं का बोलू, मला खरंच नाही सापडलं. मी तिथं भार धरून उभा होतो आणि मला माहीत नाही.

नीलव्वानं हात लांब केला. न बघता, डॉक्टरच्या तोंडाकडं बघत, बोट टेकवलं.

“हितं. हितं मला दम लागला हुता.”

डॉक्टरनं वाकून बघितलं. डोळे अगदी जवळ नेले. मग सरळ झाला. त्यानं मोबाईलमधला तो व्हिडिओ आमच्यासमोर पुसला. “काकू, परत घेऊ का? तुमचं नाव काय?”

“नीलव्वा. नीट ल्ह्या. नीलाबाई न्हाय.”

त्यानं परत व्हिडिओ घेतला, तेव्हा तिचं बोट टपावरच होतं. हस म्हटलं तर हसली नाही.

मग डॉक्टर गाडीत बसला. मी फळीशी गेलो, तिला आधी उतरवून घ्यावं म्हणून. ती म्हणाली, “जाऊ दे त्याला.” गाडी सावकाश मागं निघाली, शेडबाहेर गेली आणि उन्हात वळली. टप काळाभोर. नीलव्वाच्या समोर आता काही नव्हतं. दोन डबे, त्यावर फळी, आणि फळीवर ती, कमरेला काष्टा, हाताला सोल्यूशन, ओठ निळे. रोडवरून जाणारे बघत होते.

“उतर की आता,” मी म्हटलं.

“उतरते की,” ती म्हणाली. “गडबड काय हाय?”

आणि तिथंच उभी राहिली.